डहाणूची चिमणी आणि गंधकाचा हिशेब : वीज कंपनी धूर नेमका कसा कमी करते?

किनाऱ्यावरचा (धागाकर्ता)

पश्चिम रेल्वेने गुजरातकडे जाताना डहाणूच्या आसपास खिडकीतून एक उंच चिमणी दिसते. तिची उंची २७५ मीटर आहे आणि तिच्या पायथ्याशी प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच १९९५-९६पासून मुंबईच्या उपनगरांसाठी वीज बनवत आले आहेत. आमच्या घराण्याची घोलवडकडे चिकूची वाडी असल्यामुळे ही चिमणी आमच्या बोलण्यात कायम असे, पण तिच्या तोंडून काय बाहेर पडते आणि काय पडत नाही, याचा अभ्यास मी अलीकडे केला. तो इथे मांडतो आहे, कारण औष्णिक वीजकेंद्राने हवा स्वच्छ ठेवण्यासाठी काय करायला हवे, याची महाराष्ट्रातली सर्वांत बोलकी हकीकत डहाणूचीच आहे असे मला वाटते.

प्रकल्प तेव्हाच्या बीएसईएस या वीज कंपनीचा होता; पुढे तो रिलायन्सकडे आणि २०१८मध्ये अदानी समूहाकडे गेला. केंद्र सरकारने १९८९मध्ये परवानगी देताना धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा, म्हणजे फ्लू गॅस डिसल्फरायझेशन, बोलीभाषेत एफजीडी, बसवण्याची अट घातली होती. स्थानिकांनी प्रकल्पाला आव्हान दिले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये प्रकल्प थांबवला नाही, मात्र ही अट पुरता विचार केल्याशिवाय शिथिल करू नये असे स्पष्ट केले. त्याच वर्षी जून महिन्यात केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला आणि तालुक्याभोवतीचा २५ किलोमीटरचा पट्टा संरक्षक मानला. अधिसूचनेचे पालन होत नाही म्हणून पुन्हा याचिका झाली आणि १९९६च्या ऑक्टोबरातील आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले.

या प्राधिकरणाने १९९९मध्ये एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली ती २००७मध्ये. मधली आठ वर्षे आवश्यकता आहे की नाही, तंत्रज्ञान कोणते, खर्च कोणाच्या माथी, अशा वादांत गेली. गाडी हलली ती प्राधिकरणाने २००५मध्ये कंपनीकडून ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितल्यावर. हमीची रक्कम गोठण्याची शक्यता समोर दिसू लागली की अभियांत्रिकीच्या अडचणी किती लवकर सुटतात, हे पाहण्यासारखे आहे.

माझा प्रश्न साधा आहे. जी यंत्रणा डहाणूत २००७पासून चालते, ती देशातल्या बहुतेक वीजकेंद्रांवर आजही का नाही? या क्षेत्रात काम केलेल्या सदस्यांनी आधी यंत्रणा कशी चालते ते समजावून सांगावे, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

---

निवृत्त_पाळीप्रमुख

धागा वाचून बरे वाटले. मी कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात तीस वर्षे काढली आहेत (डहाणूत नव्हे), म्हणून क्रमाने सांगतो. लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे उंच चिमणी प्रदूषण कमी करत नाही. ती धूर वर नेऊन दूरवर पसरवते, त्यामुळे पायथ्याच्या गावातली तीव्रता घटते. पण जितके टन बाहेर जायचे तितके जातातच. घरातला केर शेजारच्या दारात लोटण्याचाच हा प्रकार, फक्त शेजार पन्नास-शंभर किलोमीटरचा.

आता हिशेब पाहू. ५०० मेगावॉट केंद्र पूर्ण भाराने चोवीस तास चालले तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. देशी कोळशाचा खप युनिटमागे ६५० ग्रॅमच्या आसपास धरला, तर दिवसाला सुमारे ७,८०० टन कोळसा जळतो. त्यात राख ३४ टक्के धरा. म्हणजे साधारण २,६५० टन राख, आणि त्यातली चार पंचमांश धुराबरोबर उडणारी, म्हणजे २,१०० टनांच्या घरात. ही उडती राख पकडण्याचे काम ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर हे विजेच्या भाराने राख ओढून घेणारे यंत्र, करते. मोठ्या पेटाऱ्यात लोखंडी पत्र्यांच्या रांगा उभ्या असतात, त्यांच्यामध्ये तारा किंवा दांडे टांगलेले असतात आणि त्यांना पन्नास हजार व्होल्टच्या घरातील दाब दिलेला असतो. धुरातले कण भारित होऊन पत्र्यांना चिकटतात, ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात (आम्ही त्याला रॅपिंग म्हणतो) आणि राख खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पडते. ईएसपीच्या शेजारी पाळी केलेल्या माणसाला तो ठक् ठक् आवाज झोपेतही ऐकू येतो.

कार्यक्षमता ९९ टक्के म्हटली की ऐकणाऱ्याचे समाधान होते. पण २,१०० टनांतला एक टक्का म्हणजे रोज २१ टन राख हवेत. ९९.९ टक्के असेल तर २ टन. सगळी लढाई दशांशचिन्हानंतरच्या त्या एका आकड्याची आहे. २०१५च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने जे नवे निकष आणले, त्यांत २००४ ते २०१६ या काळातल्या संचांना घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम धूलिकणांची मर्यादा घातली, त्याहून जुन्यांना १०० आणि २०१७नंतरच्यांना ३०. वरच्या हिशेबातला संच ९९.९ टक्क्यांवर चालला तरच ५०च्या आत बसतो. एखादे फील्ड (ईएसपीचा स्वतंत्र वीजपुरवठा असलेला एक विभाग) बंद पडले, हॉपर वेळेवर रिकामा झाला नाही, पत्रे वाकले, की दशांश घसरतो.

यात एक गंमत आहे. भारतीय कोळशात गंधक कमी, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. ते चांगले, असे वाटावे. पण गंधक कमी असले की राखेचा विद्युतरोध वाढतो आणि ती ईएसपीत नीट पकडली जात नाही. म्हणून काही ठिकाणी धुरात थोडा अमोनिया किंवा सल्फर ट्रायऑक्साइड मुद्दाम सोडावा लागतो.

आता गंधक. ७,८०० टन कोळशात ०.४ टक्के धरले तर ३१ टन, आणि जळल्यावर त्याचे दुप्पट वजनाचे सल्फर डायऑक्साइड होते, म्हणजे रोज ६२ टन. हा वायू आहे. ईएसपी त्याला हातही लावत नाही. तो धुवूनच काढावा लागतो. बहुतेक ठिकाणी चुनखडीचे पाणी धुरावर फवारतात आणि शेवटी जिप्सम हाती लागते. डहाणू किनाऱ्यावर असल्यामुळे तिथे समुद्राच्या पाण्यानेच धूर धुतात. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असते, त्यातील बायकार्बोनेट आम्लाला निष्प्रभ करते. मग ते पाणी उघड्या हौदात हवा खेळवून परत सोडण्याजोगे करतात, म्हणजे सल्फाइटचे सल्फेट होते, जे समुद्रात आधीपासून विपुल आहे. संचाच्या थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी येतच असते, तेच इथे उपयोगी पडते. मुंबईत ट्रॉम्बे येथे टाटांच्या ५०० मेगावॉटच्या पाचव्या संचावर ही पद्धत १९८०च्या दशकातच आली होती. म्हणजे तंत्रज्ञान नवीन आहे, हे कारण चाळीस वर्षांपूर्वीच संपले.

राहिले नायट्रोजनचे ऑक्साइड. तिथे धुण्यापेक्षा जळणावर लक्ष द्यावे लागते : ज्योतीला हवा टप्प्याटप्प्याने द्यायची, तापमान फार चढू द्यायचे नाही, त्यासाठी विशेष बर्नर बसवायचे. तेवढ्याने बरेच साधते.

---

वैदर्भीय

पाळीप्रमुख काका, फार सोपे करून सांगितलेत. ईएसपीत पकडलेल्या राखेचे पुढे काय होते, तो भाग मात्र राहिला, आणि आम्हा विदर्भातल्या लोकांचा अनुभव तिथूनच सुरू होतो.

हॉपरमधली राख कोरडी उचलून सिमेंट कारखान्याला किंवा विटांच्या भट्टीला दिली तर प्रश्न मिटतो. पण जी उचलली जात नाही ती पाण्यात कालवून राख-तलावात सोडतात. माझे माहेर अशाच एका तलावापासून तीन किलोमीटरवर आहे. केंद्राचे नाव घेत नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कळतही नाही. एप्रिलमध्ये तलावाचा वरचा थर वाळतो, दुपारी वारा सुटतो आणि गच्चीवर घातलेल्या कुरडया-पापडांवर राखाडी साय धरते. आई वाळवणावर जुने लुगडे पसरायची आणि तरी संध्याकाळी ते झटकताना नाकाला पदर लावायची. चिमणीतून धूलिकण किती गेले ते मोजणारे यंत्र असते. तलावावरून उडालेली राख कोणत्या यंत्रात मोजतात? केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने सर्वच्या सर्व राख वापरात आणण्याचे बंधन घातले आहे आणि न वापरलेल्या राखेवर टनाला दंडही ठेवला आहे, हे मान्य. पण जुन्या तलावांतला साठा वर्षानुवर्षांचा आहे. तलाव ओला ठेवणे, भरलेल्या भागावर माती टाकून झाडे लावणे आणि राख ताडपत्री घातलेल्या ट्रकऐवजी बंद टँकरमधून नेणे ही कामे एफजीडीच्या तुलनेत किरकोळ खर्चाची आहेत. ती नियमित झाली तरी गावातल्या बाईचा दिवस बदलतो.

आणखी एक. कोळसा धुऊन वापरला तर राख मुळातच कमी येते. खाणीपासून लांबच्या केंद्रांनी ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा वापरू नये, असा नियम २००१पासून लागू होता. तो मे २०२०मध्ये रद्द झाला. मला तो निर्णय अजूनही पटलेला नाही, कारण जी राख खाणीच्या तोंडाशीच वगळता आली असती ती आता रेल्वेने शेकडो किलोमीटर आणून जाळायची, पकडायची आणि साठवायची.

---

हिशेबनीस

दुसरी बाजू मांडतो, कारण धागा एकसुरी होऊ नये.

एफजीडीचा खर्च मेगावॉटमागे कोटीच्या घरात जातो आणि तो शेवटी ग्राहकाच्या बिलात येतो. यंत्रणा चालवायला केंद्राच्या उत्पादनातील एक-दीड टक्का वीज लागते, म्हणजे तेवढा कोळसा जास्त जाळा. चुनखडीच्या रासायनिक क्रियेतून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो वेगळा. पाणी लागते, आणि परळीचे केंद्र २०१३ व २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे विसरू नये. शिवाय आपल्या शहरांतील हवेत सल्फर डायऑक्साइडची पातळी २४ तासांसाठी ठरवलेल्या ८० मायक्रोग्रॅमच्या राष्ट्रीय मर्यादेच्या बरीच खाली असते. मग जिथे रोगच नाही तिथे इतके महाग औषध कशाला? जुलै २०२५च्या अधिसूचनेत सरकारने नेमका हाच विचार केला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या आणि दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना २०२७अखेरची मुदत ठेवली, गंभीर प्रदूषित भागांतील केंद्रांचा निर्णय प्रकरणपरत्वे होणार आणि उरलेल्या बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर गंधकाच्या मर्यादेतून सूट दिली. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) यांसारख्या संस्थांच्या अभ्यासांचा त्याला आधार आहे. युनिटमागे २५-३० पैसे वाचतील, असा आकडा तेव्हा बातम्यांत आला होता.

---

निवृत्त_पाळीप्रमुख

हिशेबनीस, तुमचे मुद्दे पोकळ नाहीत, एकेक घेतो.

कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा कागदावर खरा, वजनात क्षुल्लक आहे. एक टन सल्फर डायऑक्साइड धुताना चुनखडीतून सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. ६२ टनांतले ९० टक्के धुतले तर रोज ३८-३९ टन. यंत्रणेच्या विजेपायी आणखी दीडएकशे टन धरा. त्याच केंद्रातून एरवी रोज साधारण १२,००० टन बाहेर पडतो. बेरीज दोन टक्क्यांच्या आत राहते.

पाण्याचा मुद्दा परळीसाठी गंभीर आहे, हे मान्य. पण कोराडीसारख्या ठिकाणी नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले जाते, तिथे हे कारण पुढे करता येणार नाही. आणि समुद्रकाठी तर तो प्रश्नच उद्भवत नाही.

खरा मतभेद ‘रोगच नाही’ या वाक्याशी आहे. हवेतला सल्फर डायऑक्साइड वायूच्या रूपात फार दिवस राहत नाही. वाऱ्याबरोबर जाता जाता त्याचे सल्फेट होते, शेतीतून व जनावरांच्या गोठ्यांतून येणाऱ्या अमोनियाशी ते जुळते आणि अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणून मोजतो. म्हणजे चिमणीपाशी जो वायू होता तो दीडशे किलोमीटरवर धूळ म्हणून नोंदला जातो, आणि तिथला मोजणारा म्हणतो, वायू तर मर्यादेत आहे. केंद्राच्या आसपास वायू मोजून यंत्रणेची गरज ठरवणे म्हणजे उसाच्या फडात साखर शोधण्यासारखे आहे. उंच चिमणीची अट तर या रूपांतराला जास्त वेळ आणि जास्त अंतर देते. देशातल्या हवेत या दुय्यम कणांचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तो वाटा दखल घेण्याजोगा आहे, यावर फारसे नाहीत.

खर्चाबाबत एक अनुभव सांगतो. २०१५चे निकष पाळण्याची मुदत २०१७ची होती, ती २०२२ झाली, मग केंद्रांचे गट पाडून पुढे, मग आणखी पुढे. ज्या केंद्रांनी आधी पैसे घालून काम केले त्यांची वीज महाग ठरते, आणि कोणत्या संचाकडून आधी वीज घ्यायची हे स्वस्ताईच्या क्रमाने, म्हणजे मेरिट ऑर्डरने ठरत असल्यामुळे ते रांगेत मागे ढकलले जातात. थांबून राहिलेला पुढे. नियम पाळणाऱ्याला असा दंड बसत असेल तर कोणता मुख्य अभियंता निविदेची घाई करील? वीजखरेदीच्या क्रमात प्रदूषणाला काही किंमत धरल्याशिवाय हे सुटणार नाही, असे माझे मत आहे.

---

किनाऱ्यावरचा

माझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले. त्यातून एक विचित्र गोष्ट लक्षात आली, ती नोंदवतो. डहाणू दहा लाख लोकवस्तीच्या कोणत्याही शहरापासून दहा किलोमीटरच्या आत नाही. १९८९ची अट, न्यायालय आणि प्राधिकरण यांपैकी काही नसते आणि हा प्रश्न आज फक्त अंतराच्या निकषावर ठरला असता, तर हे केंद्र मुदत असलेल्या पहिल्या गटात आलेच नसते. इथला निर्णय माणसांच्या डोक्यांवर न होता झाडे, खाडी, आदिवासी पाडे आणि फळबागा यांच्या नाजूकपणावर झाला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागायतदार एकत्र आले की पानांवरचे डाग, फुलगळ, फळाचा आकार यांवर वाद होतात. कोणी धुराला दोष देतो, कोणी भूजलाला, कोणी बियाणे-रोगाला. मी स्वतः एफजीडीच्या आधीचे आणि नंतरचे उत्पन्न मांडून पाहिले, पण पाऊस आणि किडीचे चढउतारच इतके मोठे की त्यातून धुराचा धागा वेगळा काढता आला नाही. म्हणून ‘एफजीडीमुळे चिकू वाचला’ असे मी म्हणणार नाही. रोजचे पन्नासेक टन गंधकवायू समुद्राच्या पाण्यात जिरतात आणि माझ्या वाडीवरून जात नाहीत, एवढे म्हणता येते.

काका, एक शंका. धूर काळा दिसला म्हणजे यंत्रणा बंद आणि पांढरा दिसला म्हणजे चालू, असे आमच्याकडे समजतात. ते बरोबर आहे का?

---

निवृत्त_पाळीप्रमुख

नाही. एफजीडीनंतर धूर ओला होतो, म्हणून पांढरे ढग दिसतात. ते बहुतांशी पाण्याच्या वाफेचे असतात. याउलट सल्फर डायऑक्साइडला रंगच नाही. चिमणीच्या तोंडाशी काहीही दिसत नसताना ६२ टन जाऊ शकतात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, सतत मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे मागा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७मध्ये कारखान्यांच्या चिमण्यांतील धूलिकणांवरून तारांकन देण्याची योजना सुरू केली होती. आकडे लोकांसमोर ठेवण्याची ती कल्पना चांगली होती.

काळा धूर दिसतो तो बहुधा संच पेटवताना. थंड बॉयलर आधी तेलावर पेटवतात. तेलाची काजळी ईएसपीच्या पत्र्यांवर बसली तर आग लागण्याचा धोका असतो, म्हणून त्या काळात त्याची फील्डे पूर्ण भारित करत नाहीत. ते काही तास धूर जवळजवळ तसाच जातो.

---

वैदर्भीय

मग संच वारंवार बंद-चालू झाले तर हे प्रकारही वाढतील ना? महावितरण २०१७पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना दिवसा सौरवीज देत आहे, आता तिचा दुसरा टप्पा चालू आहे. दिवसा सूर्य आणि रात्री कोळसा, असे झाले की कोळशाचे संच रोज खालीवर करावे लागतील.

---

निवृत्त_पाळीप्रमुख

नेमके बोललात. एकूण कोळसा कमी जळतो, आणि प्रदूषण घटवण्याचा तोच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. न जाळलेल्या कोळशाची राख पकडावी लागत नाही. पण संच रोज पेटवायचा नि विझवायचा नसतो, तो कमी भारावर धरून ठेवायचा असतो. पूर्वी ७० टक्क्यांखाली आलो की आम्हाला घाम फुटायचा. २०२३च्या नियमांनी ५५ टक्क्यांपर्यंत उतरता आले पाहिजे असे ठरवले आहे आणि पुढे ४० टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. इतक्या खाली ज्योत डळमळली तर आधाराला तेल द्यावे लागते, आणि तेल आले की वर सांगितलेली ईएसपीची कथा पुन्हा सुरू. त्यामुळे कोळसा दळणाऱ्या गिरण्या, बर्नर आणि नियंत्रणप्रणाली सुधारून तेलाशिवाय कमी भारावर चालता येणे, हे यापुढे हवेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे काम ठरणार आहे. आमच्या वेळी पाळी संपताना रजिस्टरमध्ये तेल किती लागले ते वेगळ्या रकान्यात लिहीत असू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न त्यावरच येई. तो प्रश्न पैशासाठी विचारला जायचा. आता त्याच रकान्याशेजारी तेवढ्या वेळेत ईएसपीची किती फील्डे बंद होती, हेही लिहिले जावे.